श्वास रोखण्याचा प्रयोग

नरसिंहराव डॉक्टर नव्हते. पण बंगळूरच्या त्या मेडिकल कॉलेजातून सत्तावीस वर्षांत जितके डॉक्टर बाहेर पडले, त्या सगळ्यांना माणूस श्वास का घेतो हे पहिल्यांदा त्यांच्याच हातून कळलं होतं. हुद्दा अटेंडरचा. फिजिऑलॉजीच्या लॅबमध्ये रबरी पिशव्या धुऊन सुकवायच्या, नळ्या जोडायच्या, नाकाचे चिमटे मोजून ठेवायचे आणि एखादा विद्यार्थी प्रयोगाला बसायला बिचकला तर स्वतः स्टुलावर बसायचं, हे त्यांचं काम. मुलं त्यांना 'राव सार' म्हणत. विभागप्रमुख भगवंतराव मूळचे बेळगावकडचे. वर्गात इंग्रजी आणि नरसिंहरावांशी मराठी असा त्यांचा रिवाज होता, त्यामुळे पोरं जे पुस्तकातून घोकत ते नरसिंहरावांच्या डोक्यात घरच्या भाषेत जाऊन बसलं होतं.

दरवर्षी नवी मुलं आली की भगवंतराव विचारत, "श्वास कशासाठी घेता?" सगळा वर्ग ओरडे, "ऑक्सिजनसाठी!" मग ते नरसिंहरावांकडे बघून हसत, आणि नरसिंहराव पहिली पिशवी पुढे करत. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि आपलाच उच्छ्वास पुन्हा आत घ्यायचा. दोन-तीन मिनिटांत धडधाकट पोरगा घामाघूम होऊन नळी फेकून द्यायचा. मग दुसरी पिशवी. हिच्या वाटेत सोडा लाइमचा डबा बसवलेला. तो उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायचा. या पिशवीला बसलेला माणूस अगदी निवांत असायचा. त्याच्या हातात कागद देऊन शंभरापासून उलटे आकडे लिहायला सांगत. अक्षर वाकडं व्हायला लागायचं, ओठ निळे पडायचे, तरी तो अंगठा वर करून 'ठीक आहे' म्हणायचा. विभागातले एक डॉक्टर शेजारी उभे राहून वेळेवर नळी काढून घेत.

"बघा," भगवंतराव म्हणत, "ऑक्सिजन संपतो तेव्हा शरीर ओरडत नाही. कार्बन डायऑक्साइड साठतो तेव्हा ओरडतं."

नरसिंहरावांना हे वाक्य इतकं आवडे की घरी जेवताना ते कुणालाही ऐकवत. कुणालाही म्हणजे बायको तुंगाबाईंना आणि एकुलत्या एक लेकीला, काव्याला. तुंगाबाई कानामागे टाकत. काव्या मात्र घास हातात धरून ऐकायची.

काव्या बावीस वर्षांची. शाळेत असल्यापासून पोहायची, कॉलेजात असताना राज्याच्या स्पर्धेपर्यंत गेली. बी.कॉम. झाल्यावर बँकेच्या परीक्षा देता देता तिनं यशवंतपूरकडच्या एका कारखान्याच्या कॉलनीतल्या तलावावर बायकांना पोहायला शिकवायचं काम धरलं. सकाळी पहिल्या बसने जायची आणि दहाला परत. पाण्यातल्या औषधाने केस राठ होऊन गेलेले. त्यावरून रोज आईची बोलणी. "असल्या केसांची मुलगी कोण करून घेणार?" तुंगाबाई म्हणत आणि म्हणता म्हणता वाटीभर तेल तिच्या डोक्यात जिरवत. कॉटनपेठेतल्या त्यांच्या आळीत काव्याच्या आधी कुठल्या मुलीने पोहण्याचा पोशाख घातला नव्हता. नरसिंहरावांना त्याचा अभिमान होता, आणि तुंगाबाईंनाही होता. फक्त त्या तो दाखवत नसत.

चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी तिघं गच्चीवर होती. तुंगाबाई वाळलेले कपडे काढत होत्या. काव्या म्हणाली, "अण्णा, मला एक जमत नाहीये. तलावाच्या एका टोकाला जाऊन परत यायचं, पाण्याखालून. पन्नास मीटर, डोकं वर न काढता. पुरुषांच्या बॅचमध्ये दोघांना जमतं. मी पस्तिसाला वर येते."

"का?"

"छाती फुटायला लागते. पायांत जोर असतो हो, पण छाती ऐकत नाही."

नरसिंहरावांचा चेहरा उजळला. सत्तावीस वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर परक्याच्या मुलांना दिलं तो प्रश्न आज आपल्या मुलीने विचारला होता.

"छातीचा दोष नाही तो," ते म्हणाले. "पस्तिसाला तुझा ऑक्सिजन संपलेला नसतो. कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, तो मेंदूला टोचत असतो. तो आधीच बाहेर काढून टाकला, तर ओढ उशिरा लागेल."

"काढायचा कसा?"

"धाप लागल्यासारखा श्वास घ्यायचा. जोरात आत, जोरात बाहेर. वीस-पंचवीस वेळा. मग तोंड मिट."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. आधी साधा श्वास रोखून काव्या एक मिनिट पाच सेकंद राहिली. मग तसं जोरजोरात श्वास घेऊन, दोन मिनिटं दहा सेकंद. श्वास सोडल्यावर ती हसायलाच लागली.

"अण्णा, दुप्पट! बोटांना मुंग्या आल्या बघा."

"येतात. कार्बन डायऑक्साइड गेल्याचीच खूण आहे ती."

"स्वल्प, जरा पुरे करा तुमचं," तुंगाबाई कपड्यांच्या गठ्ठ्याआडून म्हणाल्या. "पोरीचं तोंड पांढरंफटक पडलंय."

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, बुधवारी, सकाळी आठच्या सुमारास लॅबमध्ये फोन आला. नरसिंहराव खाकी कोटातच रिक्षात बसले. इस्पितळाच्या व्हरांड्यात तलावावरचा रखवालदार देवाप्पा ओल्या कपड्यांनी भिंतीला टेकून उभा होता. नरसिंहरावांना पाहताच तो खाली बसला, आणि त्यांना कळायचं ते कळलं.

आत जाऊन त्यांनी तिला पाहिलं. कुणीतरी तिचे केस पुसले होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नरसिंहरावांच्या कोटाकडे पाहून, त्याच खात्यातला माणूस म्हणून जरा जपून सांगितलं की पायात पेटका आला असावा, पोहणाऱ्यांना येतो, फुप्फुसात पाणी गेलं, इथे आणेपर्यंत काही उरलं नव्हतं.

बाहेर आल्यावर देवाप्पाने त्यांचा हात धरला. तो कानडीत बोलत होता, अधूनमधून मराठी शब्द शोधत.

"सार, नऊ बायका काठावर होत्या. मोजत होत्या. पलीकडच्या टोकाला हात लावून ती वळली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग परत येताना काठ पाच मीटरवर राहिला तिथे थांबली. सार, धडपड नाही, हात मारणं नाही, काही नाही. हात असे पुढे, नुसती तरंगत खाली गेली. बायकांना वाटलं गंमत करते आहे. मी उडी मारली तोवर..."

"पेटका?" नरसिंहरावांनी विचारलं.

"माहीत नाही सार. पाण्यात शिरायच्या आधी काठ धरून जोरजोरात श्वास घेत होती. खूप वेळा. मी म्हटलं, काव्यम्मा, काय हे? तर म्हणाली, अण्णांचं औषध आहे."

नरसिंहरावांनी हात सोडवून घेतला. व्हरांड्यात येणारीजाणारी माणसं होती, स्ट्रेचर होते, कुणीतरी त्यांना बाजूला व्हायला सांगत होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकलची वही उघडली गेली. पान बारा: जोरात श्वास घेतल्यावर श्वास रोखणे. पान चौदा: व्यायामानंतर श्वास रोखणे. पहिला प्रयोग सोमवारी व्हायचा आणि दुसरा गुरुवारी. गुरुवारी मुलं बाकावर वीसदा चढून-उतरून श्वास रोखत, तेव्हा पंधरा-वीस सेकंदही धड निघत नसत, कारण राबणारे स्नायू ऑक्सिजन भराभर जाळतात आणि कार्बन डायऑक्साइड भराभर सोडतात. दोन्ही प्रयोग त्यांना तोंडपाठ होते. जो माणूस सोमवारचा श्वास घेऊन गुरुवारची मेहनत करेल त्याचं काय होईल, हे त्यांनी सत्तावीस वर्षांत एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. गच्चीवर काव्या खुर्चीत बसून होती. पाण्यात तिचे हातपाय चालले होते. ऑक्सिजन जळत गेला, आणि जो ओरडून सांगणार होता त्याला त्यांनी आधीच घराबाहेर काढायला शिकवलं होतं.

ते कुणाशीच काही बोलले नाहीत. कागदावर पेटका लिहिलं गेलं. आळीतही पेटकाच सांगितला गेला. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला तुंगाबाई एकच विचारत, "तिला फार त्रास झाला असेल का हो? जीव गुदमरला असेल का?" बायका डोळे पुसत. कुणी म्हणे देवाची इच्छा, कुणी म्हणे असं मनात आणू नये. तुंगाबाई मान हलवत आणि पुढच्या बाईला पुन्हा तेच विचारत. बाहेरच्या खोलीत बसलेल्या नरसिंहरावांना ते ऐकू येई. साऱ्या आळीत या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असलेला एकच माणूस होता. पण उत्तर द्यायचं तर त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येणार होता.

माणसं गेली. तुंगाबाई स्वयंपाक करत, पूजा करत, विचारलं तेवढं बोलत. अंघोळीला त्यांना वेळ लागू लागला. नरसिंहरावांनी ते पाहिलं होतं, पण बायका अंघोळीच्या आडोशाला रडतात असं समजून ते गप्प राहिले.

जुलैत एका दुपारी कॉलेज लवकर सुटलं. ते घरी आले तेव्हा न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून पाण्याचा डुबकन् आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. त्यांनी दार ढकललं. तुंगाबाई अंगावरच्या लुगड्यानिशी गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि त्यांचं तोंड पाण्याने भरलेल्या बालदीत होतं. दोन्ही हातांनी बालदीची कड घट्ट धरलेली. नरसिंहरावांनी त्यांना खांद्यांना धरून मागे ओढलं. त्या धापा टाकत, खोकत भिंतीला टेकल्या. नाकातोंडातून पाणी वाहत होतं.

"तुंगा! काय चालवलंयस हे?"

"मरत नाही मी," त्या कशाबशा म्हणाल्या. "बघते. रोज बघते. चाळीस आकडे मोजेपर्यंत राहवतं. मग छातीत आग पेटते हो. डोळे बाहेर येतील असं वाटतं. असं झालं तिला. माझ्या लेकीला असं झालं, आणि पाण्यात जवळ कुणी नव्हतं."

नरसिंहराव ओल्या फरशीवर त्यांच्यासमोर बसले.

"नाही," ते म्हणाले. "तिला असं झालं नाही."

"समजूत घालू नका."

"समजूत नाही. मला ठाऊक आहे." त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "तुला जी आग लागते ती साठलेल्या हवेची. कार्बन डायऑक्साइडची. काव्याच्या अंगात तो साठलाच नव्हता, तिनं आधीच जोरजोरात श्वास घेऊन काढून टाकला होता. आग लागायच्या आधीच ऑक्सिजन संपला. ऑक्सिजन संपतो तेव्हा काही कळत नाही गं. मी बसलोय त्या पिशवीला, आठ-दहा वेळा. आकडे लिहीत असतो, बरं वाटत असतं, थोडं हसूही येतं. एकदा डॉक्टरांना नळी काढायला जरा उशीर झाला. मी शुद्धीवर आलो तेव्हा ते माझ्या गालावर चापट्या मारत होते, आणि मी त्यांना म्हणत होतो की मी लिहितोय की, का थांबवता? मध्ये मी बेशुद्ध पडलो होतो हेच मला माहीत नव्हतं. तिचं तसं झालं. पलीकडच्या टोकाला हात लावून ती वळली होती. तिला वाटत असणार की आज जमलं."

तुंगाबाईंची धाप हळूहळू खाली आली. त्यांनी पदराने तोंड पुसलं नाही. हनुवटीवरून पाणी ठिबकत राहिलं.

"जोरजोरात श्वास घ्यायचं तिला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. विचारता विचारताच त्यांना गच्ची आठवली असावी, कारण त्यांची नजर बदलली.

"मी."

नळ गळत होता. रस्त्यावरून भाजीवाल्याची हाळी आली आणि पुढे गेली.

"म्हणजे इस्पितळातच तुम्हाला कळलं होतं."

"हो."

"फेब्रुवारीत."

"हो."

"मी घरात येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारत होते. तुम्ही बाहेर बसून ऐकत होता." त्या उठल्या. उठताना भिंतीचा आधार घेतला, नरसिंहरावांनी पुढे केलेला हात घेतला नाही. "शिकवलंत ते काय, तिचं भलं व्हावं म्हणून शिकवलंत. पण पाच महिने मला त्या बालदीत ठेवलंत तुम्ही."

त्यानंतर त्या नवऱ्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागल्या. भांडण नाही, आदळआपट नाही. डबा वेळेवर, कॉफी वेळेवर. न्हाणीघरातून मात्र त्या आता लवकर बाहेर येत, आणि त्यांना झोप लागू लागली होती, हे नरसिंहरावांच्या ध्यानात आलं. आपली मात्र झोप गेली होती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये नवी मुलं आली. पहिल्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी नरसिंहराव भगवंतरावांच्या खोलीत गेले आणि दारातच उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. भगवंतरावांनाही तोवर पेटक्याचीच बातमी ठाऊक होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बसा नरसिंहराव."

"नको सर."

"बसा हो," ते म्हणाले. "बाराव्या आणि चौदाव्या पानाच्या मध्ये एक वाक्य असायला हवं होतं. ती वही मी लिहिलीय, तुम्ही नाही."

"पण ती मुलगी माझी होती, सर."

त्या वर्षी भगवंतरावांनी वर्गात ते वाक्य सांगितलं, फळ्यावर लिहिलं, आणि मुलांकडून वहीत लिहून घेतलं: जोरात श्वास घेऊन पाण्याखाली कधीही पोहू नये. कुणी कारण विचारलं तेव्हा त्यांनी नरसिंहरावांकडे पाहिलं नाही.

तलावाच्या भिंतीवर तीच सूचना लिहवून घेण्याचं काम मात्र अवघड निघालं. कॉलनीच्या ऑफिसातला साहेब म्हणाला की कागदावर पेटका आहे, आता असं काही लिहिलं तर लोक घाबरतील, बायकांची बॅच बंद पडेल. नरसिंहराव दोन महिने दर शनिवारी तिथे जात राहिले. शेवटी भगवंतरावांनी कॉलेजच्या कागदावर पत्र लिहून दिलं, आणि देवाप्पाने स्वतःच्या ओळखीचा रंगारी आणला. भिंतीवर कानडीत चार ओळी आल्या. लिहीत असताना पुरुषांच्या बॅचमधला एक पोहणारा येऊन म्हणाला, "बरं, पण मग पन्नास मीटर कसं जमायचं?"

"नाही जमलं तरी चालतं," नरसिंहराव म्हणाले. तो हसला आणि पाण्यात गेला. त्याला पटलं की नाही हे त्यांना कधी कळलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत काव्याचं वर्षश्राद्ध झालं. हुबळीहून तुंगाबाईंची थोरली बहीण कृष्णाबाई आली होती. पुरुषांची पानं मांडली होती, पहिला भात व्हायचा होता. आत वाढपाची भांडी भरता भरता दोघी बहिणी बोलत होत्या आणि नरसिंहरावांना पानावरून सगळं ऐकू येत होतं.

"त्रास नाही झाला तिला, अक्का," तुंगाबाई सांगत होत्या. "झोप लागल्यासारखं झालं. डॉक्टरी कारण आहे त्याला. आधी भराभर श्वास घेतला की पाण्यात तसं होतं म्हणे."

"मग पोरीला हे असलं शिकवलं तरी कुणी?"

"पोहणाऱ्या पोरी एकमेकींत शिकतात," तुंगाबाई म्हणाल्या. "कुणाचं नाव घेणार?"

नरसिंहरावांनी पानावरचा हात मागे घेतला. शेजारी भटजी होते, दोन चुलतभाऊ होते, समोर आळीतले तिघं-चौघं होते. ते पाटावरून उठून स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी जाऊन उभे राहिले.

"मी शिकवलं, अक्का," ते म्हणाले.

कृष्णाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. बाहेरच्या खोलीतलं बोलणं थांबलं. कृष्णाबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. तुंगाबाईंनी मान वर केली नव्हती. त्या भाताचं भांडं पुसत होत्या. ते स्वच्छच होतं, तरी पुसत होत्या.

"पानावरून उठू नये," शेवटी त्या म्हणाल्या. "जाऊन बसा तुम्ही." आणि भांडं बहिणीच्या हातात देत म्हणाल्या, "अक्का, त्यांना भात वाढ."

नरसिंहराव परत पाटावर जाऊन बसले. कृष्णाबाईंनी येऊन भात वाढला, वर वरण घातलं. हळूहळू बाकीच्यांनी जेवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने तूप घेऊन तुंगाबाई स्वतः आल्या. रांगेतल्या प्रत्येकाला वाढत त्या नवऱ्याच्या पानापाशी आल्या, वाकल्या आणि चमचाभर तूप त्यांच्या भातावर सोडलं.

"थंड होतोय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या.

नरसिंहरावांनी भात कालवला. पहिला घास घेतला.